नुसता दिवा

"म्हणजे हे औषध नाही तर," टोपीवाले गृहस्थ म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

"नुसता दिवा आहे."

"हो. नुसता दिवा."

"मग सरकार तुम्हाला पैसे कशाचे देतं? वायरमनचे?"

पडद्याच्या आत सात-आठ माणसं दाटीने उभी होती. ती सगळी हसली. अंधारात कोण हसतंय ते दिसत नाही, म्हणून माणसं जरा जास्तच मोकळी हसतात. मीही हसले, आणि पुढची बाटली जांभळ्या दिव्यासमोर धरली.

विज्ञान दिन होता. वर्षातून त्या एका दिवशी आमच्या पुण्याच्या संस्थेचं फाटक सगळ्यांसाठी उघडायचं. आम्ही संशोधक विद्यार्थी टेबलांमागे उभे राहून, आपण वर्षभर बंद दारांआड काय करतो ते येईल त्याला सांगायचो. शेजारच्या टेबलावर द्रव नायट्रोजनमध्ये गुलाब बुडवून ते काचेसारखे फोडून दाखवत होते, त्यामुळे आरडाओरडा सगळा तिकडे होता. आमच्या प्रयोगाला अंधार लागायचा. म्हणून जिन्याखालच्या कोपऱ्यात काळा पडदा लावून आम्ही एक खोली केली होती.

पडदा आईने शिवला होता.

ती आदल्या आठवड्यात साताऱ्याहून माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिली होती. सोमवारी दादा येऊन तिला मुंबईला नेणार होता. तिला सांगितलेलं असं होतं : गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे, साधी आहे, शेक घेतला की विरघळेल. शेक घेऊन झाले होते आणि गाठ होती तिथेच होती. आता मुंबईला मोठ्या मशिनचा शेक द्यायचा, असं दादाने तिला सांगितलं. खरं म्हणजे मुंबईला शेक नव्हताच. तिथे ऑपरेशन होतं. त्यात पोटाच्या खालच्या भागातलं बहुतेक सगळं काढून टाकायचं आणि लघवी-संडासाच्या दोन पिशव्या पोटावर बाहेरून कायमच्या लावायच्या. एवढं करून पुढे काय, असं दादाने विचारलं तेव्हा डॉक्टर टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले होते.

कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. "तिला कळलं की ती त्याच दिवशी खचेल," दादा म्हणाला होता. "निकमकाकांचं काय झालं बघितलंस ना? धडधाकट माणूस. डॉक्टरनी तोंडावर सांगितलं आणि महिन्यात आटोपले. तू शब्द दे मला." मी शब्द दिला होता. दादा वाईट माणूस नाही. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरातल्या सगळ्या वाईट बातम्या स्वतःजवळ ठेवायची त्याला सवय होती.

आणि माझं काम तर कॅन्सरच्या गाठींवरच होतं. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही असे रेणू बनवायचो, जे प्राणवायू असेल तिथे गप्प बसतात आणि प्राणवायू संपत आला की उजळतात. गाठीच्या आतल्या ज्या पेशींना श्वास पुरत नाही, त्या यातून ओळखू येतात. आई याला 'वृंदाची रसायनं' म्हणायची. त्यापलीकडे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि गाठ निघाल्यापासून मीही आपण होऊन सांगायचं थांबवलं होतं.

पडद्याचं कापड आणलं तेव्हा तिनेच मालकीणबाईंकडून शिलाई मशिन मागून घेतलं.

"एवढं काळं कापड? कुणाच्या घराला सुतक आहे?"

"अंधार करायचाय."

"कशाला?"

"उजेड दिसावा म्हणून."

"दिवसाढवळ्या अंधार करायचा आणि मग उजेड बघायचा," तिने दाताने दोरा तोडला. "बरं चाललंय तुमचं."

ती पडदा शिवत असतानाच दादाचा फोन आला. मी गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

"ऑपरेशनची तारीख मिळाली," दादा म्हणाला. "बुधवार."

"तिला काय सांगणार आहेस?"

"तिथे गेल्यावर सांगू काहीतरी. गाठ काढतायत म्हणू."

"दादा, शुद्धीवर आल्यावर तिला पोटाला दोन पिशव्या दिसणार आहेत."

"हळू बोल."

"मी गॅलरीत आहे."

"तरी हळू बोल."

मी आत आले तेव्हा मशिन थांबलेलं होतं. आई सुईत दोरा ओवत होती. मला बघून तिने पुन्हा पाय मारायला सुरुवात केली. खालची दुमड तिने दोनदा घातली होती, म्हणजे पडदा वजनाने नीट खाली राहील आणि कडेने उजेड शिरणार नाही. त्या दिवशी सकाळी पडदा लावताना इरफान म्हणालाही, "हे काम आपल्या वर्कशॉपला जमलं नसतं."

इरफान बागवान माझ्याच प्रयोगशाळेत होता. रांग सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं, कारण त्याचा आवाज मोठा होता आणि कोणी भांडायला आलं तर त्याला मजा यायची.

बाटलीत विशेष काही नव्हतं. साखरेचं पाणी, चिमूटभर यीस्ट आणि आमच्या रेणूचे दोन थेंब. यीस्ट साखर खातं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. बाटली स्थिर ठेवून जांभळ्या दिव्यासमोर धरली की आधी काहीच दिसत नाही. मग तळाशी मंद लाल होतं, आणि बघता बघता सगळी बाटली निखाऱ्यासारखी उजळते. झाकणाखाली थोडी हवा ठेवलेली असायची. बाटली जोरात हलवली की ती पाण्यात मिसळते आणि उजेड विझतो. ठेवून दिली की पुन्हा पेटते. लोकांना बाटली हलवायला फार आवडायचं. मोठी माणसंही हलवून बघत, विझली की "ओह" म्हणत, आणि शेजारच्याला देत.

"पण तुम्ही खऱ्या पेशी बघता तेव्हा काय करता?" त्या टोपीवाल्यांनी जाता जाता विचारलं. वायरमन म्हणाले तरी माणूस लक्ष देऊन ऐकत होता.

"पेशी एका पेटीत ठेवतो. पेटीत हवा अगदी कमी असते."

"आणि पेटी उघडली की?"

"हवा आत शिरते आणि उजेड जातो."

"म्हणजे बघायला गेलं की जे बघायचं तेच विझतं."

"म्हणून पेटी उघडत नाही. बाहेरूनच बघतो, शांत बसून."

"अवघड आहे," असं म्हणून ते गेले.

पडदा सारून इरफानने डोकं आत घातलं. "वृंदा, काकू आल्यात."

"कुठे?"

"रांगेत. मी म्हटलं चला आत, खुर्ची देतो. म्हणाल्या, माझ्या पुढे या मुली आहेत, त्यांच्या पाठोपाठ येते. मी म्हटलं काकू, तुम्ही घरच्या. तर मला म्हणतात, रांगेत कोणी घरचं नसतं."

मी तिला घरी आराम करायला सांगून आले होते. रिक्षा करून ती एकटीच आली होती. पडद्याच्या फटीतून मला ती दिसली. अंगावर मोरपंखी इरकल, कोपरात पर्स, फाटकावर दिलेला अभ्यागताचा कागदी बिल्ला छातीवर सरळ लावलेला. शेकानंतर तिला फार वेळ उभं राहवायचं नाही. ती भिंतीला टेकली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बँकेतल्या कारकुनाकडे पाहून हलवावी तशी किंचित मान हलवली.

पुढच्या तुकडीत ती आत आली. हडपसरकडच्या कुठल्याशा शाळेच्या नऊ-दहा मुली होत्या, त्यांच्या बाई होत्या, आणि सगळ्यांच्या मागे आई. इरफानने पडदा सोडला. अंधार झाला.

मी नेहमीसारखं सगळं सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखाच येत होता, याचं मला आश्चर्य वाटलं. बाटली पेटली तेव्हा मुलींचे चेहरे खालून लाल झाले. एक मुलगी म्हणाली, "बाई, ही बघा कशी भुतासारखी दिसतीये," आणि दुसरीने तिला चिमटा काढला. बाटली एकीच्या हातून दुसरीच्या हातात गेली, विझली, पेटली.

"कुणाला काही विचारायचंय?" मी म्हटलं.

मुली गप्प. बाई म्हणाल्या, "विचारा की गं. आता इथे लाजता आणि वर्गात नुसता बाजार."

"मॅडम, एक शंका होती," मागून आवाज आला.

तो आईचा घरातला आवाज नव्हता. तो एक्सचेंजमधला आवाज होता.

आई साताऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळं आपोआप जोडलं जायला लागेपर्यंत तिने गावाचे फोन हाताने जोडले. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत दोऱ्या. बोर्डावर बसली की तिला नातेवाईक नसत. मामाने कोरेगावहून फोन करून "अक्का, मी बोलतोय" म्हटलं तरी ती "आपल्याला कोणता नंबर हवा आहे?" असंच विचारायची. मामा वैतागायचा, घरी येऊन तिच्या नकला करायचा. तो आवाज स्वच्छ होता, सावकाश होता, आणि त्यात राग, माया, घाई असलं काही नसायचं. कितीतरी वर्षांनी मी तो ऐकत होते.

"विचारा," मी म्हटलं.

"गाठीत हवा कमी का पडते?"

"गाठ भराभर वाढते. तिला रक्त पुरवणाऱ्या नळ्या त्या वेगाने वाढत नाहीत. मधल्या पेशींपर्यंत रक्त पोचत नाही, म्हणून प्राणवायूही पोचत नाही."

"घर वाढलं, नळ तेवढाच राहिला."

"हो. तसंच."

"मग मधल्या पेशी मरत का नाहीत?"

"काही मरतात. काही थोडक्यात भागवायला शिकतात. त्या चिवट होतात."

"ऐका गं," बाई मुलींना म्हणाल्या. "कसे प्रश्न विचारायचे ते आजींकडून शिका."

बाटली माझ्या हातात होती. तळाशी लाल येऊ लागलं होतं.

"अशा पेशींना शेक दिला तर?" आईने विचारलं.

"कसला शेक?" एक मुलगी हळूच म्हणाली.

"रेडिएशन," मी त्या मुलीला म्हटलं. ते सांगताना मला थोडा वेळ मिळाला. मग मी आवाजाच्या दिशेने वळले. "शेक पेशीला जी इजा करतो, ती पक्की व्हायला प्राणवायू लागतो. जिथे प्राणवायू नाही, तिथे शेक कमी लागू पडतो."

"म्हणजे शेक देऊनही गाठ राहिली, तर त्या चिवटच राहिल्या म्हणायचं."

"तसं असू शकतं. दुसरी कारणंही असतात."

"परत दिला तर? समजा, मोठ्या मशिनचा?"

"त्याच जागी परत फारसा देता येत नाही. आजूबाजूचं चांगलं जळतं."

"मग मोठ्या मशिनला अर्थ नाही."

"नाही," मी म्हटलं.

बाटली आता पूर्ण पेटली होती. त्या उजेडात मला तिच्या हातातल्या बांगड्या दिसत होत्या आणि पर्सची कडी. चेहरा दिसत नव्हता.

"मग ऑपरेशन करत असतील."

"काही वेळा. ते फार मोठं असतं."

"करून उपयोग होतो?"

"काही जणांना होतो. थोड्या जणांना."

"हा तुमचा दिवा माणसाच्या पोटात लावून आधीच बघता येत नाही का, आत किती चिवट आहेत ते?"

"अजून नाही. आम्ही अजून काचेच्या बशीतल्या पेशींवरच करतो. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील."

"लागू देत," आई म्हणाली. "शेवटचं विचारते. मुलींना उशीर होतोय."

"नाही नाही, विचारा ना," बाई म्हणाल्या.

"मॅडम, हे सगळं तुमच्या घरच्या कुणाला झालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

पलीकडे कोणीतरी गुलाब फोडला. टाळ्या झाल्या.

मी त्या काळात खूप वाचायचे. अशा वेळी पुस्तकांतली माणसं काय काय बोलतात ते मला पुष्कळ माहीत होतं. त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

"मी त्या माणसाला विचारलं असतं," मी म्हटलं.

आई मुलींमधून वाट काढत पुढे आली आणि तिने हात पुढे केला. मी बाटली तिला दिली. मला वाटलं, ती हलवेल. सगळेच हलवायचे. तिने ती दोन्ही हातांत धरली, अजिबात न हलवता, आणि डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली.

"रंग चांगला आहे," ती म्हणाली. बाटली तिने माझ्या हातात परत दिली. "थँक्यू मॅडम. बाकीच्यांना बघू द्या."

इरफानने पडदा उचलला तेव्हा ती मुलींच्या मागोमाग बाहेर पडली. मी फटीतून पाहिलं. गुलाबांच्या टेबलाशी ती जरा वेळ थांबली, एक फुटकी पाकळी उचलून ती बोटांत विरघळते का ते तिने पाहिलं, आणि फाटकाकडे गेली.

"काकूंनी तुझी पार परीक्षाच घेतली," इरफान म्हणाला. "व्हायव्हाला त्यांनाच बोलवायला पाहिजे."

"पुढचे आत सोड," मी म्हटलं. संध्याकाळी फाटक बंद होईपर्यंत मी तेच सगळं पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने कुकर लावला होता. मी पडद्याची घडी कॉटवर ठेवली. तिने ती उलगडून आधी खालची दुमड तपासली.

"टीप उसवली नाही ना?"

"नाही."

"एवढी माणसं वर-खाली करत होती म्हणून म्हटलं." तिने पडद्याची पुन्हा घडी केली. कुकरच्या शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. आवाज आता घरातला होता. "विंदे, आता सांग."

"काय सांगू?"

"तुझ्याकडे जे दिलंय ते."

तेव्हा मला आजोबांचा दिवस आठवला. आजोबा, म्हणजे आईचे वडील, कोरेगावला वारले. आमच्याकडे फोन नव्हता. मामाने शेजारच्या शहाशेठच्या किराणा दुकानात फोन केला, आणि तो आईच्याच बोर्डावर आला. मी शाळेतून येऊन तिथे बाकावर बसले होते. आईने दोरी भोकात घातली आणि तिचा हात दोरीवर क्षणभर राहिला, एवढंच मला दिसलं. मग तिने पुढचा कॉल घेतला. ड्युटी संपल्यावर आम्ही रोजच्यासारख्या चालत घरी आलो. वाटेत तिने कोथिंबीर घेतली. घरी येऊन स्टोव्ह पेटवला. शहाशेठ दारात आले, चप्पल बाहेर काढून आत आले, उभ्या उभ्या म्हणाले, "वहिनी, वाईट निरोप आहे." त्यांनी सांगून होईपर्यंत आई ऐकत राहिली आणि मग जी रडली, ती अगदी तेव्हाच कळल्यासारखी. पुढे मोठी झाल्यावर मी तिला विचारलं होतं, की तुला आधीच माहीत होतं ना? ती म्हणाली, "माझ्या कानावरून गेलं होतं. पण निरोप शहाशेठकडे होता. ज्याच्याकडे दिलाय त्यानं तो सांगायचा असतो. आपण मधले."

गॅलरीचं दार ओढून घेऊन मी किती वेळा फोनवर बोलले होते. आणि मशिन किती वेळा थांबलं असेल.

"आई," मी म्हटलं, "तुला कॅन्सर आहे."

पुढचंही सांगितलं. शेकाने काय झालं नाही ते, मुंबईला काय आहे ते, दोन पिशव्या, पेपरवेट. मी सांगत होते तेवढा वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. सगळं आधीच माहीत असलेली ती बाई, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिच्या पाठीवर हात ठेवायला किती थोडी जागा उरली होती हे मला त्या दिवशी कळलं, इतकी ती वाळली होती.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं.

"त्या पिशव्या किती मोठ्या असतात?"

मी हाताने दाखवलं.

"साडीत लपतात?"

"लपतात."

"आणि मग किती दिवस लपवायच्या, ते पेपरवेटलाच ठाऊक." ती थोडीशी हसली. मग म्हणाली, "नको."

"आई, घाई करू नकोस. आपण मुंबईच्या डॉक्टरांशी बोलू. तू बोल. तुझे प्रश्न विचार."

"विचारले की. रांगेत उभी राहून विचारले, वशिल्यानं नाही. आणि उत्तरं देणारी बाई चांगली होती, तिनं काही लपवलं नाही." तिने पदर नीट केला. "मला साताऱ्याला जायचंय. माझ्या घरी. दुखण्याचं औषध मात्र चांगलं द्यायला सांग, तिथे कंजुषी नको."

ती त्या वर्षी दिवाळीनंतर गेली, साताऱ्याला, तिच्या कॉटवर. औषधात कंजुषी झाली नाही. मुंबईला नेलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तिला विचारलं होतं, एवढं मला माहीत आहे. आमचा तो रेणू पुढे फारसा चालला नाही. दुसरीकडे दुसऱ्यांनी अधिक चांगले केले, पेटी उघडली तरी न विझणारे. पडदा संस्थेत अजून आहे. दर विज्ञान दिनाला तो काढतात, आणि कोणी शिवला म्हणून विचारतात.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं राहिलं.

"आता प्रवीणला लाव," आई म्हणाली.

"मी बोलते आधी त्याच्याशी. मी त्याला शब्द दिला होता."

"लाव तू." आणि दादाचा नंबर माझ्या फोनमध्ये असताना तिने तो स्वतः सांगितला, एकेक आकडा सुटा, मधे थांबत. मी तसा तो दाबला आणि फोन तिच्या हातात दिला.

"प्रवीण, मी बोलतेय. जेवलास?... बरं. सोमवारी गाडी सांगू नकोस."

दादाचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू येत होता. कुणी सांगितलं, वृंदाने सांगितलं का, दे तिला फोन, मी म्हटलं होतं तिला. आई फोन कानापासून जरा लांब धरून थांबली. तो थांबल्यावर तिने पुन्हा कानाला लावला.

"मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं. तिला रागवायचं नाही. हे बघ, तू एवढे महिने एकट्यानं धरून ठेवलंस. आता तुझ्याकडे जे असेल ते तूही मला सांग. मी ऐकतेय."

पलीकडून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, त्याने फोन ठेवला. मी आईकडे पाहिलं. तिने बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं.

"रड," ती फोनमध्ये म्हणाली. "मी लाइनवर आहे."

आणि पुढे काही न बोलता, फोन कानाला धरून, ती बसून राहिली.